मिहान : वाट पाहणे आणि वाट चालणे

नागपुरात गेली वीस-बावीस वर्षे एक प्रश्न सातत्याने विचारला जात आहे. कचेरीतील मधल्या सुटीत, महाविद्यालयाच्या शिक्षक-कक्षात, वर्धा मार्गावरील चहाच्या टपरीवर, लग्नकार्यात बाहेरगावचा पाहुणा भेटला म्हणजे तो हमखास निघतो : ‘मिहानचे काय झाले?’ या प्रश्नात कुतूहल थोडे आणि उपरोध अधिक असतो. ज्या वर्षी या प्रकल्पासाठी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली, त्या २००२ साली जन्मलेली मुले आता पदवीधर होऊन नोकरी शोधीत आहेत. त्यांच्या वडिलांनी ऐकलेली आश्वासने आणि आज ती मुले ऐकत असलेली आश्वासने यांत शब्दांचाही फारसा फरक नाही.

वस्तुतः मिहानमध्ये काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. नागपूरच्या दक्षिणेस चार हजारांहून अधिक हेक्टर जमिनीवर मालवाहतुकीचे केंद्र, विशेष आर्थिक क्षेत्र आणि विस्तारित विमानतळ उभारण्याची ही कल्पना. त्या जमिनीवर आज टीसीएस व एचसीएल यांची संकुले आहेत. भारतीय व्यवस्थापन संस्थेचे वर्ग २०१५ पासून विश्वेश्वरय्या संस्थेच्या आवारात भरत होते, त्या संस्थेला मे २०२२ मध्ये मिहानात स्वतःची वास्तू मिळाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ‘एम्स’चे उद्घाटन झाले. खापरीपासून सीताबर्डीपर्यंत मेट्रो मार्च २०१९ मध्ये धावू लागली. पतंजलीच्या अन्नप्रक्रिया उद्यानाची कोनशिला सप्टेंबर २०१६ मध्ये बसली आणि उद्घाटन मार्च २०२५ मध्ये झाले. मधल्या साडेआठ वर्षांत संत्र्याचे सतरा बहार येऊन गेले. एअर इंडियाने २००५ च्या अखेरीस बोईंगकडे ६८ विमानांची मागणी नोंदविली, त्या व्यवहाराच्या ओघात विमान-दुरुस्तीचे केंद्र नागपूरला मिळाले. प्रत्यक्षात ते एअर इंडियाच्या हाती आले २०१५ साली. म्हणजे एका हँगरला सुमारे दहा वर्षे लागली.

या संथपणाची कारणे गूढ नाहीत. देशाच्या मध्यभागी असलेल्या शहराने देशाचे वाहतूक-केंद्र व्हावे, हा विचार नवा नव्हता. १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या टपाल-विमानसेवेत दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री सोनेगावला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपूर्वी परतत. परंतु भूगोल अनुकूल असला म्हणजे अर्थकारण आपोआप अनुकूल होते, असे नाही. विशेष आर्थिक क्षेत्राचा कायदा २००५ मध्ये झाला आणि जगावर मंदी कोसळली २००८ मध्ये. २०११ च्या अर्थसंकल्पाने अशा क्षेत्रांतील उद्योगांवर किमान पर्यायी कर बसविला आणि त्यांचे आकर्षण निम्मे ओसरले. विमानतळाच्या खाजगी व्यवस्थापनाची निविदा २०२० मध्ये रद्द झाली, प्रकरण उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि त्यावर अखेरचा पडदा पडावयास सप्टेंबर २०२४ उजाडले. दोष कोणाचा किती, हा हिशेब स्वतंत्रपणे मांडता येईल. येथे विचार करावयाचा आहे तो निराळ्या आणि अधिक जवळच्या प्रश्नाचा. काम इतक्या मंद गतीने पुढे सरकत असता माणसे उमेद कशाच्या बळावर टिकवितात?

उपदेश आणि त्याची चीड

या प्रश्नाला आपल्याकडे एक तयार उत्तर आहे. फळाकडे पाहू नका, कामातच आनंद माना. उत्तर थोर परंपरेतले आहे आणि त्यात तथ्यही आहे. परंतु ते कोण कोणाला सांगत आहे, यावर त्याची किंमत अवलंबून असते. निकालाची तारीख पुढे ढकलणाऱ्याने परीक्षार्थ्याला ते सांगितले, किंवा जमीन घेऊन विकसित भूखंडाचा ताबा लांबविणाऱ्याने शेतकऱ्याला सांगितले, तर निष्काम कर्माची ती शिकवण राहत नाही. ते ऋणकोने धनकोला केलेले कीर्तन होते. शिवणगाव, तेल्हारा, दहेगाव, खापरी, कलकुही या गावांतील ज्यांनी जमिनी दिल्या त्यांना ‘प्रक्रियेचा आनंद घ्या’ असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. कारण त्यांच्या हातात प्रक्रियाच नाही. नांगर सुटला, आणि त्या जागी आली ती केवळ प्रतीक्षा.

येथेच सगळ्या विषयाची मेख आहे. वाट पाहणे आणि वाट चालणे या दोन्ही क्रियांना वेळ सारखाच लागतो, बाहेरून दोन्ही सारख्याच संथ दिसतात, परंतु माणसाच्या मनावर त्यांचे परिणाम अगदी उलट होतात. वाट पाहणारा हळूहळू कडवट होतो. चालणारा दमतो खरा, पण कडवट होत नाही.

मिहानमध्येच याची साक्ष मिळते. विमान-दुरुस्तीच्या हँगरमध्ये मोठ्या तपासणीसाठी आलेले विमान काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत उभे असते. हे काम शेकडो लहान कामांत विभागलेले असते आणि प्रत्येक लहान कामाचे एक कार्ड असते. अमुक झाकण उघडा, अमुक जोड तपासा, अमुक भाग गंजला आहे काय ते पाहा, झाकण लावा. काम करणाऱ्याने त्यावर सही करावयाची, परवानाधारक अभियंत्याने ते पडताळून आपली सही करावयाची. हत्यारे मोजून घ्यावयाची आणि मोजून परत ठेवावयाची, कारण एक पाना आत राहिला तरी विमान हलत नाही. या कामात दिपवून टाकणारे काहीही नाही. परंतु पाळी संपते तेव्हा त्या माणसाला आपण आज काय केले हे ठाऊक असते; ते कागदावर असते आणि त्याखाली त्याचे नाव असते. तेथवर पोहोचण्याचा मार्गही असाच आहे. एकेक विषय उत्तीर्ण होत, अनुभवाची नोंदवही पानापानाने भरत परवान्यापर्यंत जावयाचे, त्यात वर्षे जातात. मिहान प्रकल्प किती टक्के पूर्ण झाला, हा प्रश्न त्या तंत्रज्ञालाही कोणी विचारील. त्याचे उत्तर त्याच्यापाशी नसेल. त्या उत्तरावाचून त्याचे अडत नाही, एवढाच त्याच्यात आणि टपरीवरच्या उपरोधिक प्रश्नकर्त्यात फरक आहे.

श्रम म्हणजे नुसते कष्ट?

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत श्रम हा खर्चाच्या बाजूला मांडला जातो. माणूस कष्ट करतो ते वेतनासाठी. कष्ट ही वजाबाकी आणि वेतन ही बेरीज. ही मांडणी विद्यार्थी प्रथम वर्षात शिकतात आणि बहुधा जन्मभर विसरत नाहीत. या मांडणीचा एक जनक जेव्हन्स. गंमत अशी की, त्याने १८७१ मध्ये श्रमाची जी वक्ररेषा काढली ती सरळसोट कष्टाची नाही. आरंभी काम जड जाते, मग अंग रुळले म्हणजे काही काळ त्यात चक्क सुख असते, आणि पुढे थकव्यामुळे पुन्हा कष्ट वाढतात, असे ती रेषा सांगते. पाठ्यपुस्तकांनी या रेषेचा शेवट उचलला आणि मधला उंचवटा गाळून टाकला. गाळलेला तो भागच संथ कामांचा प्राण आहे.

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९८२ च्या ‘शिफ्टिंग इन्व्हॉल्व्हमेंट्स’ या ग्रंथात याच्याही पुढचे पाऊल टाकले. काही कामांत मिळणारा लाभ म्हणजे अपेक्षित फळातून श्रम वजा जाता उरणारी बाकी नसते. फळाची आशा आणि श्रम यांची बेरीज हाच तेथे लाभ असतो, असे त्याने दाखवून दिले. लोकहिताच्या चळवळी हे त्याचे मुख्य उदाहरण. त्यासोबत त्याने तीर्थयात्रेचाही दाखला दिला. मराठी वाचकाला हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. शेगावहून पंढरपूरला आगगाडीने आणि मोटारीने जाता येते. तरीही गजानन महाराजांची पालखी सुमारे महिनाभर पायी चालते. अमरावती जिल्ह्यातील कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी तर त्याहून कितीतरी जुनी. वारकऱ्याचे पाय दुखतात, पाऊस लागतो, मुक्कामी गैरसोय होते. हे सारे ‘खर्च’ म्हणून वजा करून दर्शनाच्या क्षणाची किंमत काढू लागले, तर गाडीने जाणारा शहाणा आणि चालणारा वेडा ठरेल. हिशेब तसा नाही, हे वारीत न गेलेल्यालाही कळते.

मात्र येथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये. वारकरी चालण्यात रमतो, पण त्याला पंढरपूरचा विसर पडत नाही. मुक्काम ठरलेले असतात, रोजची मजल ठरलेली असते, आणि एकादशीची तिथी कोणी पुढे ढकलीत नाही. शिवाय तो एकटा चालत नाही. दिंडी असते, टाळ असतो, पुढे-मागे ओळखीची माणसे असतात. प्रक्रियेतला आनंद हा केवळ मनाचा निग्रह आहे, अशी जी समजूत आहे ती म्हणूनच अपुरी आहे. त्या आनंदाला बाहेरची व्यवस्था लागते : दिवसाचे असे एक मोजता येणारे काम, ते झाले की नाही हे स्वतःला कळण्याची सोय, आणि सोबत.

नागपूरच्या पंचक्रोशीला ही व्यवस्था संत्र्याच्या बागेने पिढ्यान्‌पिढ्या शिकविली आहे. काटोल-नरखेड-वरूडकडील बागाईतदार जंबेरीच्या खुंटावर डोळा भरलेले कलम लावतो आणि पाचव्या-सहाव्या वर्षी कोठे त्यावर विकण्याजोगे फळ धरतो. पाच वर्षे म्हणजे मुलाचे प्राथमिक शिक्षण झाले. या काळात तो नुसता झाडाकडे पाहत बसत नाही. आळे करणे, खुंटावरचे फुटवे काढणे, डिंक्या दिसला की साल खरडून मलम लावणे, कोळशीवर लक्ष ठेवणे, दोन ओळींत आंतरपीक घेणे, हे चालूच असते. पुढे झाड भरात आल्यावर तर विलक्षण गोष्ट करावी लागते. आंबिया बहार हवा असेल तर थंडीत पाणी तोडून झाडाला ताण द्यावयाचा, पाने मलूल होऊ द्यावयाची, आणि मग पाणी सोडावयाचे. त्या ताणाच्या दिवसांत बागेकडे अनोळखी माणसाने पाहिले तर बाग वाळली असे तो म्हणेल. बागाईतदार मात्र त्याच वेळी सर्वांत बारकाईने बाग पाहत असतो. ताण किती झाला, हे पानावरून ओळखण्यात त्याचे सारे कसब असते. जमीन जशी आणि पाऊस जसा, तसे फळ येते, कित्येकदा येतही नाही. भाव तर त्याच्या हाती कधीच नसतो. म्हणून बागाईतदार सुखी आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. पण दोन बहारांच्या मधल्या काळात त्याचे दिवस रिकामे नसतात, एवढे निश्चित.

बौद्धिक कामाचे उदाहरण हवे असेल तर तेही नागपूरशी जोडलेले आहे. अमरावतीत शिकलेले आणि अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन आलेले श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी नागपुरात भागभांडवलाची मंडळी स्थापन केली. पुढे काम पुण्यात झाले आणि तेवीस खंड निघाले. भागधारकांचा आणि वर्गणीदारांचा पैसा, छापखाना, लेखकांची वानवा, टीकाकारांची विपुलता, या साऱ्यांतून मार्ग काढीत केतकरांनी अकारविल्हे कोशाला हात घालण्यापूर्वी पाच प्रस्तावना-खंड काढले. केवळ शेवटाकडे डोळे लावून बसलेल्या माणसाने हा आडमार्ग कधीच धरला नसता. १९२७ साली त्यांनी या खटाटोपाचा इतिहास लिहिला, त्याच्या नावातच ‘बारा वर्षांचे काम’ असे शब्द आहेत. मंडळीचा ताळेबंद आणि कामाची हकीकत यांत त्यांना दुसरीची गोडी अधिक होती, असे म्हणावयास हरकत नाही. या गोडीने त्यांना संपन्नता मात्र दिली नाही. अखेरची वर्षे आर्थिक ओढाताणीत गेली आणि १९३७ मध्ये वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ते निवर्तले. कामात आनंद मानणाऱ्याला जग आपोआप फळ देते, हा भाबडा समज केतकरांच्या चरित्रापुढे टिकत नाही. आनंद हे फळाचे आगाऊ दिलेले व्याज नव्हे. तो निराळाच उत्पन्नाचा प्रकार आहे.

अभ्यासिकेतील तरुण

हा विचार आज सर्वांत निकडीचा आहे तो स्पर्धापरीक्षांच्या उमेदवारांसाठी. एप्रिल २०२० मध्ये व्हावयाची राज्यसेवेची पूर्वपरीक्षा महासाथीमुळे पुन्हापुन्हा लांबत मार्च २०२१ मध्ये झाली. त्या वर्षभरात नागपूरच्या किंवा पुण्याच्या अभ्यासिकेतला उमेदवार काय करीत होता? ज्याने तारखेकडे डोळे लावले त्याचे वर्ष वाया गेले. ज्याला संविधानाचे एखादे प्रकरण किंवा अर्थसंकल्पातील एखादे कोष्टक खरोखर समजून घेण्यात रस वाटला, त्याच्या पदरात परीक्षा न होताही काही पडले. शिक्षकांना येथे करण्याजोगे पुष्कळ आहे. ‘यंदा किती जागा निघणार’ या चर्चेला वर्गात जितका वेळ जातो, त्याच्या चौथ्या हिश्श्याने जरी आठवड्याचे एक मोजके काम दिले, ते तपासून परत केले आणि काल न सुटणारे गणित आज सुटले हे विद्यार्थ्याच्या नजरेस आणून दिले, तरी उमेदीचा प्रश्न बराचसा सुटेल. बहुतेक वर्गांत असे घडत नाही. तपासलेला कागद वेळेवर परत न मिळणे ही आपल्या शिक्षणातील लहान दिसणारी, पण सर्वांत महाग पडणारी उणीव आहे.

परंतु येथे एक सावधगिरीही हवी. प्रक्रियेची गोडी कधीकधी फसवी ठरते. पाचव्या-सहाव्या प्रयत्नाचा उमेदवार अभ्यासिकेत रमलेला असतो. तीच खुर्ची, तोच चहा, तेच मित्र. त्याला काम आवडते, असे त्याला वाटते. पुष्कळदा आवडत असते ती सवय, आणि मागे घातलेली वर्षे सोडवत नाहीत. बुडालेल्या खर्चाकडे पाहून पुढचा निर्णय करू नये, हे अर्थशास्त्राचे साधे तत्त्व अशा वेळी कामी येते. वर्षातून एकदा, आनंद बाजूला ठेवून, पंढरपूर आणखी किती दूर आहे आणि आपण त्याच रस्त्यावर आहोत ना, हे पाहिले पाहिजे. जो काम खरोखर शिकला तो रस्ता बदलतानाही रिकाम्या हाताने जात नाही. सवयीत रमलेला मात्र जातो.

कचेरीतील कारकुनाची गोष्ट याहून अवघड. त्याच्या टेबलावरून भूसंपादनाची किंवा भूखंड-वाटपाची फाईल जाते, पण ती कोठून आली आणि कोठे संपली, हे त्याला सहसा कळत नाही. विमानाच्या कार्डावर जी सही काम पूर्ण झाल्याची खूण असते, ती येथे फाईल दुसऱ्याकडे सरकल्याची खूण होते. अशा कामात गोडी वाटत नाही म्हणून कारकुनाला आळशी ठरविणे सोपे आहे. त्याऐवजी एका गावाची प्रकरणे एकाच हाताकडे शेवटपर्यंत ठेवली, आणि महिन्याला किती कुटुंबांना ताबा मिळाला हा आकडा त्याच कचेरीच्या भिंतीवर लावला, तर त्या कारकुनाला आणि बाहेर बाकावर बसलेल्या शेतकऱ्यालाही गती दिसू लागेल. सरकारी प्रकल्पांत आनंदाचे दिवस दोनच ठरलेले आहेत, भूमिपूजनाचा आणि उद्घाटनाचा. मधल्या दहा वर्षांना कोणी हार घालीत नाही. त्या दहा वर्षांचे लहान टप्पे जाहीर करणे आणि ते पाळणे, याला नेता किंवा निधी फारसा लागत नाही. लागते ती आपण आज काय केले हे सांगण्याची तयारी, आणि नेमकी तीच दुर्मिळ आहे.

मिहानपुढे आता नवी तारीख आहे. डसॉल्ट आणि रिलायन्स यांच्या कारखान्याची कोनशिला ऑक्टोबर २०१७ मध्ये बसली, तेथे फाल्कन विमानांचे भाग तयार होऊ लागले, आणि जून २०२५ मध्ये संपूर्ण फाल्कन २००० विमान नागपुरात जोडण्याची घोषणा झाली. पहिले विमान २०२८ पर्यंत बाहेर पडेल, असे सांगण्यात आले आहे. नागपूरकर तारखांना सरावले आहेत, तेव्हा या तारखेचीही टपरीवर यथास्थित थट्टा होईल. दरम्यान येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत विमानाचा सांगाडा जोडण्याचे काम शिकणारी मुले आहेत. फिटरच्या कामाचा आरंभ सर्वत्र सारखाच असतो. पोलादाचा एक ठोकळा शिकंज्यात धरावयाचा, कानस चालवावयाची, काटकोनी पट्टी त्यावर उभी करून खिडकीच्या दिशेने पाहावयाचे. पट्टी आणि धातू यांच्या फटीतून उजेड दिसला, तर पुन्हा कानस घ्यावयाची.